आधी मूल, मग माध्यम

गोव्यात शिक्षणाविषयी बोलायला बसलं की पाचव्या मिनिटाला माध्यमाचा विषय निघतो. साहित्य संमेलनाचा मांडव असो, देवळाच्या सभामंडपातली बैठक असो, की आमच्या कार्यालयातला चहा असो. मराठी की कोंकणी, प्रादेशिक भाषा की इंग्रजी, अनुदान कोणाच्या शाळांना द्यावं आणि कोणाच्या शाळांना देऊ नये, यावर आपण दोन पिढ्या भांडत आलो आहोत. १९९०च्या सुमारास प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर प्रादेशिक भाषेतूनच शिकवा, असं धोरण आलं. २०११-१२ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी झाली. दोन्ही वेळा रस्त्यावर माणसं उतरली.

मी मराठीच्या बाजूचा माणूस. मराठी शाळेत शिकलो, मराठी घेऊन बी. ए. झालो, आणि दिवसभर कार्यालयात इंग्रजी टिपणं लिहिली तरी संध्याकाळी मराठीच वाचतो. तेव्हा हा वाद फुकटचा आहे असं मी म्हणणार नाही. पण या वादाच्या धुळीत एक मूल आपल्याला दिसेनासं झालं आहे, आणि आज मला त्याच्याविषयी लिहायचं आहे.

हे मूल प्रत्येक गावात आहे. बोलायला चुणचुणीत असतं. दुकानातून सामान आणलं तर सुटे पैसे बरोबर आणतं. चवथीला माटोळी बांधताना कुठलं फळ रानात कुठे मिळतं आणि कुठे बांधायचं हे वडीलधाऱ्यांना सांगतं. पण पुस्तक उघडलं की त्याचं तोंड उतरतं. एक ओळ वाचायला मिनिट घेतं. काल वाचलेला शब्द आज ओळखत नाही. वहीत अर्धवट शब्द, गाळलेल्या मात्रा, खाडाखोड. आणि 'पोटात दुखतं, शाळेत जायना' हे ठरलेलं, बहुतेक परीक्षेच्याच दिवशी.

या मुलाचं काय चुकतं, असं विचारलं तर उत्तरं तयार असतात. मूल मराठी शाळेतून पाचवीला आलेलं असेल तर, "मराठीतून शिकला ना, इंग्रजी कसं जमणार?" मूल पहिल्यापासून इंग्रजी शाळेत असेल तर, "घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, मग कसं होणार?" आम्ही मराठीवाले तिसरं उत्तर घेऊन बसलेलो, "मातृभाषेतून शिकवलं असतं तर ही पाळी आली नसती." आणि कुठलंच उत्तर चालेना झालं की शेवटचं आहेच, "आळशी आहे. ताचें शिकपाचेर मन ना." चारही उत्तरं देणाऱ्यांनी त्या मुलाला शेजारी बसवून एक पान वाचून घेतलेलं असेलच असं नाही.

काही मुलांची अडचण माध्यमाची नसते. ती मराठीत असते, कोंकणीत असते, इंग्रजीतही असते. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. ती पहिल्या तीन-चार इयत्तांत, मुलाला कळणाऱ्या भाषेतच, सर्वांत चांगली ओळखता येते. आणि नेमकी तीच वर्षं आपण गोव्यात माध्यमाला दोष देण्यात घालवतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. सरकारी कारकून आहे. पण हा विषय काही कालपरवाचा नव्हे. १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली होती. मुलगा चलाख, खेळात पुढे, डोळे चांगले, पण कितीही शिकवलं तरी त्याला वाचता येईना. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत त्या लेखात नोंदवलेलं आहे. तेव्हापासून एवढं तरी नक्की झालं आहे की ही अडचण मठ्ठपणाची नव्हे आणि आळसाचीही नव्हे. बोललेले आवाज आणि कागदावरच्या खुणा यांची सांगड घालण्याचं मेंदूचं काम काही मुलांत वेगळ्या रीतीनं चालतं. पुष्कळदा ते घराण्यात असतं. मुलाला तपासायला नेलं की बापालाच आपलं बालपण आठवावं, असं होतं.

वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लिहिण्यातल्या अडचणीला डिसग्राफिया, आकडेमोडीतल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन एकत्रही असू शकतात. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि पहिला शब्द घराघरांत पोचला. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. पण तो पाहून आपण एकच खूण लक्षात ठेवली, उलटी अक्षरं. खरं तर पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात आणि बहुतेकांची ती सवय आपोआप जाते. उलट डिस्लेक्सिया असलेली कितीतरी मुलं एकही अक्षर उलटं काढत नाहीत. त्यांचं दुखणं दुसरीकडे असतं.

आपल्या देवनागरीत ते कसं दिसतं ते सांगतो. आपली लिपी तशी प्रामाणिक आहे. बहुतांशी लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीसारखी 'पुट' आणि 'बट'ची फसवाफसवी नाही. पण तिच्याही काही खोड्या आहेत. 'कि' म्हणताना वेलांटी नंतर ऐकू येते, पण लिहिताना ती अक्षराच्या आधी येते. 'कर्म' मधला र आधी उच्चारायचा, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मात्रा वर, उकार खाली, काना पुढे, वेलांटी मागे. जोडाक्षरात एक अक्षर अर्धं होतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जोडपी दिसायला सख्खी भावंडं. सगळीच मुलं सुरुवातीला इथे अडखळतात आणि दुसरी संपेपर्यंत सावरतात. अध्ययन अक्षमता असलेलं मूल सावरत नाही. तिसरीतही पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देतं. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी वाचतं. किंवा वाचतं बरोबर, पण इतकं हळू की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. लिपी प्रामाणिक असल्यामुळे आपल्याकडे चुकांपेक्षा या हळूपणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. चुका कमी म्हणून शिक्षक खूश असतात आणि मूल दमून गेलेलं असतं.

यात गोव्याचा म्हणून एक खास गोंधळ आहे. आपलं मूल घरी कोंकणी बोलतं. ते मराठीच्या वहीत 'शाळेत' ऐवजी 'शाळेंत' लिहील, 'आम्ही' ऐवजी 'आमी' लिहील. ही अक्षमता नव्हे. ते कानाशी इमान राखून लिहितं आहे आणि थोड्या सरावानं सुधारेल. घरी कन्नड बोलणारी कितीतरी मुलं आज आपल्या सरकारी मराठी शाळांत बसतात. त्यांना शब्द कळत नसेल तर तोही भाषेचा प्रश्न. पण 'शाळा' हा शब्द एकदा 'शळा', एकदा 'शाल' आणि एकदा 'शाळ' असा लिहिला जात असेल, आणि हे तिसरीचं वर्ष संपत आलं तरी चालू असेल, तर तिथे कोंकणीवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

भाषेचा प्रश्न आणि वाचनाचा प्रश्न वेगळे कसे करायचे? त्याला एक साधा घरगुती उपाय आहे. मुलाला माहीत नसलेली एक छोटी गोष्ट तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि चार प्रश्न विचारा. मग तेवढीच सोपी दुसरी गोष्ट त्याला वाचायला द्या आणि पुन्हा चार प्रश्न विचारा. दोन्हींत अडखळलं तर भाषा कच्ची असेल किंवा दुसरं काही असेल. पण ऐकलेल्या गोष्टीची चारही उत्तरं पटापट आणि वाचलेल्या गोष्टीचं एकही नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, तर मुलाची समज शाबूत आहे, वाट वाचनापाशी अडली आहे, असं समजावं. यानं निदान होत नाही. निदान करणं जाणकारांचं काम. पण तपासणीला न्यावं की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

गोष्ट मात्र नवी हवी. कारण या मुलांची पाठांतरशक्ती भल्याभल्यांना फसवते. आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नाटक होतं, जसं गोव्यातल्या गावोगाव होतं. मी प्रॉम्प्टिंगला बसतो. काही वर्षांपूर्वी एका पंधरा वर्षांच्या मुलाला छोटी भूमिका दिली होती. संहितेच्या झेरॉक्स वाटल्या, त्यानं आपली घडी करून खिशात ठेवली ती कायमची. पण तालमीला तो रोज सर्वांच्या आधी येऊन तबल्यापाशी बसायचा. आठ दिवसांत त्याला स्वतःचीच नव्हे, सगळ्यांची भाषणं पाठ. नायक अडला की माझ्याआधी हा ओठ हलवायचा. एकदा दिग्दर्शकानं दोन पल्लेदार वाक्यं बदलून कागदावर लिहून दिली. बाकीच्यांनी जागेवर वाचून घेतली. हा कागद हातात धरून उभाच. मग हळूच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, म्हाका एक फावट वाचून दाखय." मी एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचावी लागली नाहीत.

हा मुलगा नववीत नापास झालेला होता. पुढे त्याच्या आईकडून सगळी हकिकत कळली. चौथीपर्यंत पुस्तकातले धडे बहीण मोठ्यानं वाचायची, हा ऐकून पाठ करायचा, वर्गात पुस्तक हातात धरून धडाधड म्हणून दाखवायचा. शेरा, 'बरा आहे, लेखन सुधारावे'. पाचवीला सगळं इंग्रजीत गेलं आणि ते सोंग उघडं पडलं. पण तेव्हा कोणाला संशय येणार? सगळीच मुलं पाचवीत चाचपडतात. मग ट्यूशन. मग दुसरी ट्यूशन. आठवीपर्यंत ढकलत ढकलत नववी. तिथे शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तपासणीला पाठवलं आणि डिस्लेक्सियाचं निदान झालं. निदान बरोबर होतं, पण तोवर नऊ वर्षं गेली होती. आणि त्या नऊ वर्षांत मुलाची एका गोष्टीविषयी पक्की खात्री झाली होती, की आपण ढ आहोत. त्यानं शाळा सोडली. आज एका इलेक्ट्रिशियनकडे कामाला आहे, हाताला कसब आहे, बरं चाललं आहे. पण अर्ज भरायचा झाला की कोणाला तरी गाठतो, आणि गाठताना हसतो. ते हसणं बघवत नाही.

या हकिकतीत माध्यमाचा दोष कुठे आहे? मराठीनं त्याला अडवलं नाही. इंग्रजीनं त्याची अडचण निर्माण केली नाही, फक्त उघडी पाडली. तो पहिलीपासून इंग्रजी शाळेत असता तर कदाचित आधी उघडा पडला असता, पण तिथे घरच्या भाषेचं निमित्त पुढे आलं असतं. निमित्तं बदलतात, मूल तिथेच राहतं.

आता कायद्याविषयी. सरकारी कागद वाचणं हा माझा पोटाचा धंदा आहे, म्हणून याबद्दल थोडं अधिकारानं बोलतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागाच नव्हती. त्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते एकवीस केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. त्याचं कलम १६ सांगतं की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय करावेत. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तर असं होतं की शिक्षकांनी तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाळणी करावी. त्याच वर्षीच्या परीक्षाविषयक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ सांगितला होता. म्हणजे कागद पुष्कळ आहे.

पण कागद फायलीला लागतो आणि वर्ग कोरडाच राहतो, हे आमच्यासारख्यांना नव्यानं सांगायला नको. आपल्याकडे या मुलांची आठवण होते ती नववी-दहावीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की. मग प्रमाणपत्रासाठी धावाधाव, भेटीची तारीख, सही, शिक्का. प्रमाणपत्र हवंच. ते मुलाच्या हक्काचं आहे आणि ते घेण्यात कमीपणा काही नाही. पण प्रमाणपत्र वाचायला शिकवत नाही. जादा वेळ मिळाला तरी वाचता न येणाऱ्याला तो वेळ काढायचा कसा हाच प्रश्न पडतो. वाचायला शिकवण्याचं काम सातव्या-आठव्या वर्षी व्हायला हवं. त्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही आणि कोणत्याही कायद्यानं तशी अट घातलेली नाही.

काय करायचं, हेही फार गूढ नाही. अशा मुलाला आवाज आणि अक्षर यांची जोड हळू, क्रमानं, पुन्हा पुन्हा आणि अनेक इंद्रियांनी शिकवावी लागते. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर गिरवायचं आणि त्याच वेळी मोठ्यानं म्हणायचं. टाळ्या वाजवून शब्दातली अक्षरं मोजायची, 'पा-ऊ-स' म्हणजे तीन टाळ्या. 'पाऊस' मधला 'पा' काढला तर काय उरेल, असले खेळ खेळायचे. आपली बाराखडी यासाठी उत्तम साधन आहे, फक्त ती तालात म्हणून न सोडता मधलंच अक्षर विचारायला हवं. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. आणि काही गोष्टी करायच्या नाहीत. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावायचा नाही. पूर्वसूचना न देता वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करायचं नाही. उत्तर बरोबर आणि शुद्धलेखन चूक असेल तर दोन्हींचे गुण वेगळे पाहायचे. इतिहासाच्या पेपरात मुलाला इतिहास येतो की नाही एवढंच बघायचं असतं. आणि ट्यूशन म्हणजे सकाळी जे वर्गात कळलं नाही तेच संध्याकाळी पैसे देऊन पुन्हा न कळणं, असं होत असेल तर ती बंद करून त्या पैशांत विशेष शिक्षक गाठावा.

तपासणी कुठे करायची? आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. कमी दिसणारी आणि कमी ऐकणारी मुलं याच गोंधळात सापडतात. मग बांबोळीला गोमेकॉत आणि तिथल्या मनोरुग्ण संस्थेत विचारावं. त्या संस्थेचं नाव ऐकून लोक दचकतात. दचकू नये. मुलाला वेडा ठरवायला तिथे कोणी बसलेलं नाही. बालविकासाच्या क्षेत्रात 'सेतू' ही संस्था २००६ पासून गोव्यात काम करते आहे. तपासणीची भाषाही विचारून घ्यावी. मराठी शाळेतल्या मुलाची परीक्षा इंग्रजीत घेऊन त्याला वाचता येत नाही असं ठरवणं हा अन्याय आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाचा चाचणीसंच २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणला, तो याच गरजेतून.

यावर काही आक्षेप मी ऐकले आहेत. "आमच्या वेळी हे काही नव्हतं." होतं, फक्त नाव नव्हतं. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर जे बसायचे आणि सातवीनंतर दिसायचे बंद झाले ते कुठे गेले हे कोणी विचारलं का? तेव्हा शाळा सोडली तरी शेत, कुळागर, दर्या होता. आज दहावीच्या दाखल्याशिवाय शिपायाचा अर्जही करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सवलतीसाठी लोक खोटी प्रमाणपत्रं आणतात, आणि प्रत्येक कमी गुणांच्या मुलाला आजकाल काहीतरी नाव चिकटवतात." अशी उदाहरणं नसतील असं नाही. प्रत्येक मागे पडलेलं मूल अक्षम नसतं. कुठे शाळा बुडते, कुठे घरात भांडणं, कुठे शिकवणंच धड नसतं. म्हणूनच तर ही पारख दुसरी-तिसरीत व्हावी. त्या वयात ना टक्केवारीचा मोह असतो ना सवलतीचा. नुसत्या कच्च्या राहिलेल्या मुलाला चार महिने नीट शिकवलं की ते भराभर पुढे जातं. जे तरीही अडतं, त्याला पुढे तपासायचं. लवकर पाहिलं तर खोट्याला वावच कमी राहतो.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला मान्य आहे. गोव्यातल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एक-दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, वर माध्यान्ह आहार, निवडणुकीची कामं, नाना तक्ते. त्यांनी आणखी किती करावं? त्यांच्यावर नुसतं आणखी एक परिपत्रक टाकून भागणार नाही. तालुक्याला पुरेसे फिरते विशेष शिक्षक हवेत आणि ते माध्यमिक शाळांपाशी न थांबता प्राथमिक शाळांपर्यंत यायला हवेत.

आता आम्हा मराठीवाल्यांना उद्देशून दोन शब्द. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि बहुजन समाजाची पहिली पिढी लिहू-वाचू लागली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच शाळा आज पटसंख्येअभावी बंद पडताहेत आणि आपण निवेदनं देतो आहोत. पण बारा-पंधरा मुलांच्या शाळेत एक गोष्ट अशी आहे जी पन्नास मुलांच्या दिमाखदार शाळेत मिळत नाही. तिथल्या बाईंना प्रत्येक मूल ठाऊक असतं. ज्या शाळेत अडलेलं मूल दुसरीत ओळखलं जातं आणि त्याला हाताला धरून शिकवलं जातं, त्या शाळेत पालक आपणहून येतील. मातृभाषेच्या बाजूनं यापेक्षा मोठा युक्तिवाद मला तरी माहीत नाही. मुलाच्या ओळखीच्या भाषेतच त्याची अडचण स्वच्छ दिसते.

आणि एक काळजीही आहे. भाषेतून सूट मिळते तेव्हा आपल्याकडे आधी गळते ती बहुधा मराठी किंवा कोंकणी. इंग्रजी सोडायचं धाडस कोण करणार? सूट घ्यावी, जरूर घ्यावी. परीक्षेचा भार उतरणं हा मुलाचा हक्क आहे. पण परीक्षेतून सुटलेली भाषा घरातूनही सुटू देऊ नये. आपल्या आजीला कदाचित वाचता येत नसेल, पण भजनं, आरत्या, कहाण्या, फुगड्यांची गाणी तिला मुखोद्गत होती, आणि तिला कोणी अशिक्षित म्हटलं तर आपल्याला राग येईल. कीर्तन, नाटक, सप्त्यातलं भजन, हे सगळं कानावाटे येतं. ज्या मुलाला डोळ्यांनी भाषा कमी मिळते त्याला ती कानांनी दुप्पट द्यावी. मोठ्यानं वाचून दाखवावं, बारावीपर्यंत दाखवावं, त्यात लाज कसली?

पुढच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत गणवेशाच्या आणि सहलीच्या चर्चेनंतर कोणीतरी उठून एक प्रश्न विचारावा. दुसरी-तिसरीतल्या किती मुलांना न पाहिलेला उतारा वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी आपण काय करणार आहोत? शाळा मराठी असो, कोंकणी असो की इंग्रजी. उत्तरादाखल कोणी माध्यमाचा विषय काढला, तर त्यांना शांतपणे सांगावं की तेही बोलू, पण आधी त्या मुलांची नावं काढूया.